दोनच शब्दांचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. मूठ लाकडी, तोंड रबरी आणि शब्द दोनच, ‘पुन्हा तपासले’.

कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याच्या अंतर्गत तपासणी विभागात माझा जन्म गेला. कारखान्यात सगळं नीट चाललंय का, हे आमचा विभाग बघतो. पण बघणाऱ्यांना कोण बघणार? म्हणून नियम असा, की एकाने तपासायचं, दुसऱ्याने जागेवर जाऊन स्वतः बघायचं आणि मगच मला उचलायचं. तेव्हा माझा काय रुबाब होता! मी उमटलो की मालक डोळे मिटून सही करत.

मग कामं वाढली. विभागप्रमुख बाई स्वभावाने सोन्यासारख्या, पण जिने चढून त्यांचे गुडघे दुखायचे. वेळ वाचावा म्हणून त्या सोमवारीच आठवडाभराच्या कोऱ्या पत्रकांवर मला मारून ठेवू लागल्या. कोऱ्या कागदावर मी काय तपासलं होतं, कपाळ? फार लाज वाटायची मला.

दर पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीतले तपासनीस येऊन आमचा विभाग तपासतात. त्याआधी आपल्या चुका आपणच लिहून ठेवायच्या असतात. त्या दिवशी ते अकराला येणार होते. नऊ वाजता बाई पत्रकं चाळत होत्या. ‘तिसरा मजला, आगीच्या वेळचा दरवाजा: उघडतो.’ त्याखाली मी. बाईंचा हात थांबला. मला मुठीत धरूनच त्या वर गेल्या.

दरवाजा ढकलला, हलेना. खांदा लावला, तरी ढिम्म. मागे साठ बायका मशीनवर वाकलेल्या. माझी तर पाचावर धारण बसली.

सुताराला बोलावलं. पाठोपाठ आमच्या विभागात पहिली तपासणी करणारे टाचणीदादा धापा टाकत आले. ‘उघडतो’ हे त्यांनीच मागच्या महिन्याचं बघून उतरवलं होतं.

“बाई, तासाभरात दुरुस्त होईल. पत्रक फाडू, नवं करू. कुणाला कळतंय?”

“आग लागली असती तर?”

“लागली नाही ना? उगाच खुर्ची जाईल तुमची. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत.”

खाली येऊन बाईंनी चुकांच्या रकान्यात लिहिलं, ‘दरवाजा न बघता शिक्का मारला. मी मारला.’

पाहुण्यांनी ते वाचलं आणि विभागाला नापास केलं. बाईंचं प्रमुखपद गेलं. आता पहिली तपासणी बाईंकडे आली आणि मी दादांच्या ताब्यात.

पुढच्या सोमवारी बाईंनी दादांसमोर पत्रक ठेवलं. “तिसऱ्या मजल्याचा दरवाजा उघडतो. मी आत्ताच ढकलून आले.”

वीस वर्षं सोबत काम केलेलं. दादांनी मला उचललं, क्षणभर धरलं आणि परत खाली ठेवलं.

“रागावू नका, बाई. मी बघून येतो.”

ते जिन्याकडे निघाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग नव्हता. त्या माझ्याशेजारी शांतपणे वाट बघत बसल्या.

मित्रांनो, माणसांवर विश्वास जरूर ठेवा. पण मला उचलण्याआधी तेवढा जिना चढा.