भाऊजींचा जनरेटर

बुधवारी संध्याकाळी मोठ्या दिरांचा फोन आला. नवरा "हो दादा, हो दादा" करत खिडकीशी उभा होता. तिसऱ्या "हो दादा"ला त्याचा आवाज उतरला, तेव्हा मी भाजी निवडायची थांबले.

"रविवारी येतोय," फोन ठेवून तो म्हणाला. "वहिनीला घेऊन. जनरेटर न्यायला. म्हणे, उगाच तुमची जागा अडते."

"मग नेऊ देत की."

"अगं, पण तो चालतो का, बघितलंय कधी आपण?"

नव्हतं बघितलं.

गेल्या वर्षी वादळात दोन दिवस वीज गेली होती. त्याआधी चार वर्षं हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात नवऱ्यानं भरल्या घरात मोठ्या भावाला विचारलं होतं, "तू होतास कुठे इतके दिवस?" भाऊजी उत्तर द्यायला थांबले नाहीत, आणि नंतर आलेही नाहीत. वादळाच्या दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, दादांकडे जनरेटर आहे ना, मागून बघ. फ्रिजमधल्या दुधाची मला फारशी काळजी नव्हती. पण काहीतरी मागितल्याशिवाय एकमेकांच्या दारात जायचं दोघांनाही जमणार नव्हतं.

भाऊजींनी फोनवर आधी वीज कधी येणार ते विचारलं. मग "आणतो" म्हणाले. दोन तासांत गाडीत घालून आले. जनरेटर उतरवला, "टाकीत पेट्रोल आहे, लागलं तर बघा" म्हणाले आणि चहालाही न थांबता निघून गेले. त्यांची गाडी वळणापलीकडे गेली नसेल तोच वीज आली. जनरेटर आम्ही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवला. तो तिथेच राहिला, पेट्रोलसकट.

त्या दिवसापासून भाऊजींचे फोन येऊ लागले. तीनदा ते येऊनही गेले. जखमेवर नुकती खपली धरली होती. तिला कुणी नख लावायचं नाही, एवढंच आम्ही सगळे सांभाळत होतो.

आता नवऱ्यानं शेडमध्ये जाऊन जनरेटरची दोरी ओढायला सुरुवात केली. मी मोजत होते. बाविसाव्या वेळी तो खांदा धरून खाली बसला.

"दादा म्हणणार, एक वस्तू दिली, तीही नीट सांभाळता आली नाही."

"ते असं म्हणणार नाहीत."

"म्हणणार नाही, तेच तर! काही न बोलता उचलून घेऊन जाईल. आणि पुन्हा चार वर्षं."

तसंच होणार होतं.

मी माती आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. इंजिनातलं मला कळत नाही, पण गंज कळतो. गुरुवारी कामावरून आल्यावर मी हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडात अक्रोडाएवढा मातीचा गोळा बसलेला होता, तेलानं काळा झालेला. कुंभारीण माशीचं घर. ते अख्खंच्या अख्खं सोडवून मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर ठेवलं. माती लगेच टाकून द्यायची नाही, ही कामाची सवय. मग दोन नट काढून कार्ब्युरेटर बाहेर घेतला.

पेट्रोल साठतं ती खालची वाटी निघता निघेना. निघाली तेव्हा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास सुटला. आत धातूवर पांढरी, फुगलेली भुकटी होती, दमट मिठासारखी. पितळी भागांवर हिरवा थर. पेट्रोलची पातळी सांभाळणाऱ्या तरंगत्या डब्यावर जळलेल्या साखरेसारखा तपकिरी लेप. नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता.

"एका वर्षात एवढं?"

"ओल होती शेडमध्ये," मी म्हटलं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

गवत कापायची यंत्रं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला आमच्याकडे सगळे डॉक्टर म्हणतात. शुक्रवारी मी त्याच्याकडे गेले. त्यानं कार्ब्युरेटर दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, पेशंट आणायला उशीर केलात. आता मी फक्त मृत्यूचा दाखला लिहून देऊ शकतो."

"नवीन मिळेल?"

"कंपनीच वर गेली, तर पार्ट कुठून मिळणार? दुसरा कुठला तरी जुळवून देईन. तीन आठवडे लागतील."

"मला रविवारी हवाय."

"मग धुऊन बघा तुम्हीच. गेलेलाच आहे, आणखी कुठे जाणार?" मग त्याला माझी दया आली असावी. त्यानं वाटीत बसणारी नवी रबरी रिंग शोधून दिली. विजेच्या वायरीचा तुकडा सोलून त्यातली एकच तार ओढून काढली आणि कागदात गुंडाळली. "हा पितळी जेट आहे ना, याच्या भोकातून पेट्रोल जातं. यात सुई घालू नका. सगळे तेच करतात, आणि भोक मोठं झालं की इंजिन जन्मभर धूर ओकत बसतं. ही तांब्याची तार घाला. पितळेपेक्षा मऊ असते."

शनिवारी सुटी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आवळला जाईपर्यंत किती फिरतो ते मोजलं. दीड फेरा. नवऱ्यानं ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. रबराचे भाग बाजूला काढले. जेट अडकला होता, तो जबरदस्तीनं फिरवला असता तर त्याची खाच तुटली असती. म्हणून वरून उकळतं पाणी ओतायचं, पुसायचं, बरोब्बर मापाचा पेचकस लावून जरासा जोर द्यायचा, पुन्हा पाणी ओतायचं. सव्वा तासानं तो हलला. नवऱ्यानं टाळी वाजवली, मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

मग अर्धं व्हिनेगर आणि अर्धं पाणी. दहा मिनिटं बुडवायचं, काढायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, धुवायचं.

"रात्रभर भिजत ठेवलं असतं, तर एवढे सोपस्कार वाचले नसते का?"

"वाचले असते. पण सकाळी कार्ब्युरेटर वाचला नसता. हा हलका धातू आहे. आम्ल गंज खातं, तसं त्यालाही खातं."

"म्हणजे तुझ्या आईच्या सल्ल्यासारखं. थोडा घेतलेला बरा."

"तुझ्या आईंचा तर थेंबही पुरायचा," मी म्हटलं. तो हसत हसत सायकलचा पंप शोधायला आतल्या खोलीत गेला.

तिसऱ्या वेळी ब्रश झटकताना व्हिनेगरचा एक थेंब उडाला आणि कोपऱ्यातल्या मातीच्या गोळ्यावर पडला. तो नुसता जिरला.

मी ब्रश खाली ठेवला.

आमच्या भागातली माती चुनखडीची. तिच्यावर आम्ल पडलं की ती फसफसते. प्रयोगशाळेत हे दिवसातून इतक्यांदा दिसतं की आता त्याकडे लक्षही जात नाही. ती फसफसली नाही, म्हणूनच लक्ष गेलं. मी आणखी दोन थेंब टाकले. काही नाही. गोळा फोडला. तेलकट काळ्या कवचाच्या आत माती विटेसारखी लाल होती. मागच्या नळाजवळची चिमूटभर माती आणून तिच्यावर थेंब टाकला. ती सोड्याच्या बाटलीसारखी उसळली.

भाऊजींचं घर टेकडीच्या चढावर आहे. त्यांच्याकडून परत आलं की चपलांना लागलेली लाल माती दोन दिवस निघत नाही. माशी घर बांधायला लांबून माती आणत नाही. म्हणजे हे घर तिकडेच बांधलं गेलं होतं, जनरेटर आमच्याकडे येण्याआधी. आणि तोंडात असा बोळा असलेलं इंजिन श्वासच घेऊ शकत नाही. मी वाटी पुन्हा उजेडात धरली. तपकिरी लेप खरवडला होता तिथे, त्याच्या खाली, गंजानं धातूत खड्डे पाडले होते. आधी खड्डे, मग लेप, मग वर पुन्हा गंज. हे एका वर्षाचं काम नव्हतं.

भाऊजींनी आम्हाला बंद पडलेला जनरेटर दिला होता.

आतून नवऱ्याचा आवाज येत होता, "पंप कुठे ठेवतेस गं तू?" हे त्याला सांगितलं असतं तर त्याच्या डोक्यावरचं ओझं क्षणात उतरलं असतं. आणि दुसऱ्या क्षणी तो फोन उचलून म्हणाला असता, "मेलेलं मशीन माझ्या गळ्यात मारलंस?" खपली गेलीच असती, फक्त दुसऱ्या बाजूनं. भाऊजींनी असं का केलं, ते मला माहीत नव्हतं. कारण माहीत नसताना निष्कर्ष कळवायचा नाही, इतकं मी कामात शिकले आहे. मी ती लाल माती बाहेरच्या कुंडीत टाकली. हातात आलेला नमुना फेकून देण्याची माझी ही पहिलीच वेळ.

पण त्यामुळे आता इंजिन चालू होणं भागच होतं. नाहीतर जी चूक आमची नव्हती ती आमच्या नावावर जमा होणार होती, आणि ते फक्त मला ठाऊक असूनही मी गप्प उभी राहणार होते.

जेटच्या भोकातून तांब्याची तार चार वेळा काढली. पंपानं हवा मारली. जेट खिडकीकडे धरला. आत उजेडाचा एक ठिपका दिसला, खसखशीएवढा, पण पूर्ण गोल. तरंगता डबा गरम पाण्यात दाबून धरला. बुडबुडा आला नाही, म्हणजे त्याला भोक नव्हतं. सगळं जोडून ताजं पेट्रोल घातलं, तर वाटीच्या कडेनं पेट्रोल टपटपायला लागलं. पुन्हा उघडलं. पेट्रोल बंद करणारी बारीक सुई आपल्या जागी नीट बसत नव्हती. ती जागा कापसानं पुसून पुसून मी संध्याकाळ घालवली.

रविवारी सकाळी शेवटचा नट आवळत होते, तेव्हा नवरा म्हणाला, "चालू झालं नाही तर मी सांगून टाकणार."

"काय?"

"की माझी चूक झाली."

अकरा वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधीच आले होते.

भाऊजी चपला घालूनच थेट मागच्या अंगणात आले. मागून जाऊबाई. "अहो, आधी पाणी तरी प्या. पळून चाललाय का तो?"

"आधी गाडीत टाकू," भाऊजी म्हणाले. "धर रे तिकडून."

"थांब दादा. एकदा चालू करून बघू."

"कशाला? मी घरी बघीन. राहू दे."

"नाही, ऐक." नवऱ्यानं हात पँटला पुसले. "पेट्रोल वर्षभर आत तसंच राहिलं. काढून ठेवायला हवं होतं, माझं लक्ष राहिलं नाही. आतून पार गंजला होता. हिनं तीन दिवस बसून साफ केलाय. पण चूक माझी आहे. सॉरी."

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे, तसं काही नाही..." एवढंच ते म्हणाले.

नवऱ्यानं दोरी ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. मी चोक अर्धा पुढे केला. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं. चौथ्यांदा दोनदा खोकलं आणि निळा धूर सोडला. पाचव्यांदा ते लागलं. आधी धापा टाकत, मग अडखळत. मी हवा-पेट्रोलचा तो स्क्रू पाव फेरा सोडला, आणि आवाज एकसारखा झाला. मी उपड्या बादलीवर बसले.

"आयला!" भाऊजी म्हणाले. "हे चालतं?"

जाऊबाईंनी मान वळवली. "चालतं म्हणजे? चालत नव्हतं का?"

भाऊजींनी इंजिनाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग इंजिनाच्या आवाजाच्या वर आवाज काढून म्हणाले, "सहा वर्षं बंद होता!"

"काय?" नवरा ओरडला.

"सहा वर्षं! तुझा फोन आला ना वादळात, चार वर्षांनी तू काहीतरी मागितलंस. नाही कसं म्हणू? म्हटलं, देऊन तर येऊ, तोवर वीज येईल. आली पण! मग वर्षभर रोज वाटायचं, आज हा दोरी ओढणार आणि म्हणणार, दादानं भंगार पाठवलं!"

"म्हणून न्यायला आलास?"

"उन्हाळा आला ना! वीज जायला लागली म्हणजे तू लावून बघणार!"

जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आणि मला म्हणाले, जनरेटरची आठवण येते!"

नवऱ्यानं कमरेवर हात ठेवले. मला त्याचा चेहरा वाचता येईना, आणि मी बादलीवरून अर्धी उठले. मग तो हसायला लागला. कमरेत वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे, मी चार रात्री झोपलो नाही! बाविसदा दोरी ओढली, खांदा बघ माझा!"

"मी वर्षभर झोपलो नाही, त्याचं काय?"

"मग बोलायचं नाही?"

"तू बोलायचं नाही?"

"तू मोठा आहेस!"

"म्हणून सगळं मीच बोलायचं?"

इंजिन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. ते एका सुरात चालू होतं आणि दोघे त्याच्या दोन बाजूंना उभे राहून, हात नाचवत, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. चेहऱ्यावर चिंता होती. तो पाच वर्षांपूर्वीचा दिवस त्यांनीही ऐकला होता.

"काय झालं हो?" त्यांनी मला विचारलं. "पुन्हा भांडताहेत का?"

"नाही काकू," मी ओरडून सांगितलं. "बोलताहेत."