पुरेपूर माप

मुरुमच्या बाजारात कल्याणप्पांनी चाळीस वर्षं करडीचं तेल विकलं. माप काठोकाठ भरायचं आणि वर पळीभर जास्तीचं सोडायचं, ही त्यांची रीत. आपल्या तेलात भेसळीचा थेंब सापडणार नाही, हे ते गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगत. गिऱ्हाईक मुकाट्यानं ऐकून घेई, कारण अप्पा एकदा सुरू झाले की थांबत नसत. आता दुकान मुलगा बघतो. अप्पांना बायकोची देखभाल सोडून दुसरं काम उरलेलं नाही, आणि ते काम ते दुकानापेक्षा जास्त मन लावून करतात.

पार्वतम्मांना आठ वर्षांपासून आमवात आहे. हाताची बोटं वाकडी झालीत, सकाळी तासभर मूठ उघडत नाही. त्यांची वेणीसुद्धा अप्पाच घालतात. पहिल्यांदा घातली तेव्हा गोणीचं तोंड आवळावं तशी आवळली होती आणि पार्वतम्मा दिवसभर डोकं धरून बसल्या होत्या. आता बरी जमते. गल्लीतल्या बायका हसतात, पण त्यांच्या नवऱ्यांना हे जमणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

सोलापूरच्या एका दवाखान्यात सांध्यांच्या आजारावर संशोधन चाललं होतं. या आजारानं आणि त्यावरच्या औषधांनी किडनीवर काय परिणाम होतो, हे तिथले डॉक्टर कितीतरी रोग्यांमध्ये तपासत होते. पार्वतम्माही त्यात होत्या. दर तीन महिन्यांनी संशोधनाच्या कामावरची राजनंदिनी घरी यायची. मूळची जळकोटची, बोलायला फटकळ, पण हाताची हलकी. तिनं रक्त घेतलं की पार्वतम्मांना सुई टोचलेली कळायची नाही, आणि तेवढ्यावरच ती या घराची लेक झाली होती.

त्या खेपेला तिनं एक मोठा पांढरा कॅन आणला. बाजूला लिटरच्या रेघा होत्या.

"काकू, उद्या सकाळची पहिली लघवी सोडून द्या. तिथून परवा सकाळपर्यंतची सगळी यात धरायची. लघवीतून प्रोटीन जातंय का, ते बघायचंय. किडनी बिघडली की ते जातं."

"किती व्हायला पायजे?" अप्पांनी धंद्यातला प्रश्न विचारला.

"होते दीड-दोन लिटर," राजनंदिनी सहज म्हणाली आणि बस गाठायला पळाली.

ती सहज म्हणाली, पण अप्पांनी ते मापावरच्या सरकारी शिक्क्यासारखं पक्कं धरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कॅन उजेडात धरून पाहिला. अर्धा लिटरसुद्धा नाही! उठबस नको म्हणून पार्वतम्मा पाणीच घोटघोट पितात, मग होणार कुठून? पोर एवढ्या लांबून येणार आणि कल्याणप्पाच्या घरून अपुरं माप घेऊन जाणार? डॉक्टर तिलाच बोलतील. चाळीस वर्षांत जे घडलं नाही ते म्हातारपणी घडायचं म्हणजे काय! त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, न्हाणीचं दार लावलं आणि संध्याकाळी एकदा अन् सकाळी एकदा स्वतःकडून भर घातली. कॅन दोन लिटरच्या रेघेवर बोटभर चढला, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

आठ दिवसांनी राजनंदिनीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. प्रोटीन बरंच जातंय. किडनीला इजा झालेली दिसतेय. पुढच्या मंगळवारी सोलापूरला दाखल व्हावं लागेल, पाठीतून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढतील आणि मग पुढचं ठरवतील.

पार्वतम्मांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत की कुणाला दोष दिला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "तुमची धोतरं कंच्या खणात असत्यात, म्हायती हाय का? उद्या दावून ठेवते."

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. त्या क्षणी त्यांना कॅन आठवला.

आता सांगायचं कसं? लेकीच्या वयाच्या पोरीला काय म्हणून सांगायचं? दोन दिवस ते घरातल्या घरात येरझारा घालत राहिले. एकदा फोन लावला आणि तिनं "हॅलो" म्हणताच कापला. पण समोर पार्वतम्मा सुनेला दवाखान्याची पिशवी भरायला सांगत होत्या, आणि ती पिशवी पाहून अप्पांची लाज पळाली. रविवारी सकाळी ते बसनं जळकोटला गेले. राजनंदिनी अंगणात कुरडया घालत होती.

"काका? काकूंना काय झालं?"

"तिला काय न्हाय." अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "पोरी, म्या भेसळ केली."

त्यांनी सगळं सांगितलं, खाली बघत. राजनंदिनी आधी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग चिडली. "काका, तुमच्या मापापायी काकूंच्या पाठीत सुई गेली असती!"

"म्हून तर आलो."

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन केला. मंगळवारचं दाखल होणं थांबलं, नवा कॅन मिळाला. "या वेळी वाटीभर निघाली तरी चालंल," तिनं दम भरला, "पण ती काकूंचीच पायजे."

निघाली साधारण लिटरभर. आठवड्यानं राजनंदिनी रिपोर्ट घेऊन स्वतःच आली. पार्वतम्मांची किडनी ठणठणीत होती. अप्पा सगळ्या गल्लीत गूळ-खोबरं वाटून आले, शेजारच्या शेळीलासुद्धा दिलं. परत येऊन पाहतात तो राजनंदिनी अजून बसलेलीच होती.

"काका, मग ते प्रोटीन कुणाचं होतं?"

अप्पांनी गूळ-खोबऱ्याचं ताट खाली ठेवलं.

"गोळ्या कसल्या घेता? दुखण्याच्या गोळ्यांनीही किडनी बिघडते."

त्यांनी बायकोकडं पाहिलं, मग उठून माळ्यावरच्या रिकाम्या डब्यामागून गोळ्यांची पाकिटं काढली. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, रोज दोन, सहा वर्षांपासून. गुडघे धरले होते. "तिचंच येवढं दुखतंय," ते राजनंदिनीला म्हणाले, "त्यात माझं कुठं सांगत बसू? घरात आजारी एकच पुरं झालं."

पार्वतम्मा त्या पाकिटांकडं बघत राहिल्या. "म्या रोज सकाळी सांगतेय, आज हितं दुखतंय, आज तितं दुखतंय. तुमी निस्तं ऐकून घेतलात व्हय?" एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. स्वतःच्या सुईला न रडलेली बाई नवऱ्याच्या गोळ्यांना रडली. त्यानंतर दोन दिवस अप्पांशी बोलल्या नाहीत.

गुरुवारी दोघं सोलापूरला गेली. दवाखान्यात बाकावर गर्दी होती. केसपेपर चाळत सिस्टर दारात आल्या आणि ओरडल्या, "कल्याणप्पा मुरुमवाले! पेशंटबरोबर कोण आहे?"

आठ वर्षं सगळ्या दवाखान्यांत या प्रश्नाला अप्पांनीच उत्तर दिलं होतं. सवयीनं ते ताडकन उठले. "म्या हाय!"

लोक हसले. पार्वतम्मांनी सदऱ्याला धरून त्यांना खाली बसवलं. "तुमी पेशंट हाव. बसा."

मग वाकडी बोटं बाकाच्या कडेला टेकवून त्या स्वतः उठायला लागल्या. वेळ लागला. अप्पांनी हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. पुरत्या उभ्या राहिल्यावर पदर सारखा केला आणि सिस्टरकडं बघून म्हणाल्या,

"ह्यांच्यासंगं म्या हाय."