फक्त तीन पायऱ्या

ओदेतला चाकाच्या खुर्चीत बसून आठ वर्षं झाली होती आणि पोर्तुगालमधल्या एव्होरा गावच्या उन्हाळ्याला ती पुरती विटली होती. चाळीस वर्षं तिने गावातल्या नवऱ्या मुलींचे झगे शिवले, पण समुद्राचा वारा काही पोटभर खाल्ला नव्हता. जूनमध्ये तिने धाकट्या भावाला, बेल्मिरूला, फर्मान सोडलं.

"आठ दिवस पोर्तो. तू बॅगा उचलायच्या. मला नाही. मला कुणीच उचलायचं नाही."

मग तीन दिवस ती पोर्तोतल्या हॉटेलांना फोन लावत बसली. पोर्तोत सगळीकडे अपंगांची पूर्ण सोय होती. एक जण म्हणाला, "पायऱ्या? छे हो, नाहीतच. म्हणजे, दोनच." दुसरा म्हणाला, "लिफ्ट आहे की! पहिल्या मजल्यापासून सुरू होते." एका बाईने अगदी मायेने विचारलं, "तुम्हाला थोडंसुद्धा चालता येत नाही का? न्हाणीघरापुरतं?"

"प्रयत्न करते. दुपारपर्यंत जमलं तर कळवते," म्हणून ओदेतने फोन ठेवला.

शेवटी फोनवर सेन्योर वाल्देमार भेटले. त्यांच्या पाहुणेघराला तर चक्क सोयीचं प्रमाणपत्र होतं. "एकही पायरी नाही. दोना ओदेत, डोळे मिटून या!"

ती डोळे उघडे ठेवून गेली, हे बरं झालं. टॅक्सी दारात थांबली. दारावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र झळकत होतं आणि त्या चित्राखाली ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या होत्या.

"तुम्ही एकही पायरी नाही म्हणाला होतात," ओदेत म्हणाली.

"आत एकही नाही!" वाल्देमार हात पसरून म्हणाले. "या बाहेर आहेत. आणि फक्त तीन! दोनशे वर्षांच्या जुन्या, त्यांना हात लावायची सोय नाही. पण काळजी नको, माझे दोन पुतणे तुम्हाला राणीसारखं उचलून नेतील."

"मी गाठोडं नाही, सेन्योर."

बेल्मिरू दोन्ही हातांत बॅगा घेऊन नुसता उभा होता. भांडणाचा वास आला की त्याचे कान लाल व्हायचे. तेवढ्यात बिअरची गाडी आली. गाडीवानाने पायऱ्यांवर दोन जाड फळ्या जोडून टाकल्या आणि पिंपं एकामागून एक गडगडत आत गेली. कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही, पुतण्यांना हाक मारली नाही.

"या फळ्या कुणाच्या?" ओदेतने विचारलं.

"त्या पिंपांसाठी आहेत, दोना ओदेत."

"मग मला पीप समजा. बेल्मिरू, ढकल!"

बेल्मिरूने बॅगा बाजूला ठेवून ढकललं. गाडीवानाने मागून आधार दिला आणि ती वर पोचल्यावर टोपी काढली. ओदेतला वाटलं, आपण जिंकलो.

खोली सुरेख होती, खिडकीतून नदी दिसत होती. पण न्हाणीघराचं दार पाहताच ओदेतचा हात सवयीने पर्समधल्या टेपकडे गेला. चौकट भरली अठ्ठावन्न सेंटीमीटर. खुर्ची चौसष्ट. आत भिंतीभर धरायचे चकचकीत दांडे लावले होते. बाहेरून फार छान दिसत होते.

"सहा सेंटीमीटरचा तर प्रश्न!" वाल्देमार म्हणाले. "तुमची खुर्ची जरा अंगाने भरलेली आहे."

"झगा असता तर शिवण उसवली असती. हे तपासलं कुणी?"

"प्रमाणपत्रवाल्यांचा माणूस आला होता. फार खूश झाला. आत जाऊन हातसुद्धा धुतले त्याने."

"चालत गेला असेल."

"अर्थात!" वाल्देमारांना टोमणा कळलाच नाही.

आणि इथे बेल्मिरूने बॅगा खाली आदळल्या. साठ वर्षांच्या आयुष्यात तो पहिल्यांदा परक्या माणसावर ओरडला. "माझ्या बहिणीने आठ दिवस अंघोळ करायची नाही? फळ्या टाका! आम्ही निघालो."

ओदेतला त्याची पाठ थोपटायची होती, पण हात पोचेना.

कोपऱ्यावरच्या कॅफेत दोघं बसली. मालकिणीने सूप वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. "अहो, मग मठातल्या सिस्टरना विचारा. दोन खोल्या देतात त्या पाहुण्यांना." तिने नंबर लिहून दिला.

फोनवर म्हातारा आवाज आला. "मी सिस्टर पर्पेतुआ. चाकाची खुर्ची? नाही गं पोरी, आमच्याकडे तशी सोय नाही."

ओदेतचा धीर सुटायला आला होता. "काय अडचण आहे, सिस्टर?"

"भाजीच्या वाफ्याकडे जाताना एक पायरी लागते."

"आणि खोलीत? न्हाणीघरात?"

"तिथे कुठल्या पायऱ्या? आम्ही अकरा जणी, सगळ्यात तरुण एकोणऐंशीची. सहा जणी खुर्चीतच आहोत. पायऱ्या ठेवून करू काय? पण वाफ्याकडे एक आहे बाई, आधीच सांगितलेलं बरं."

मठाचं दार एवढं रुंद होतं की ओदेत आणि सिस्टर पर्पेतुआ खुर्च्या शेजारी शेजारी चालवत आत गेल्या. सिस्टरचा वेग पाहून बेल्मिरूला बॅगांसकट धावावं लागलं. त्या संध्याकाळी ओदेतने तासभर अंघोळ केली, दार आतून लावून, एकटीने. पुढचे आठ दिवस ती रोज ट्रामने समुद्रावर गेली आणि नाकाचं साल निघेपर्यंत वाऱ्यात बसली.

निघताना सिस्टरने एक फॉर्म पुढे केला. "पर्यटनवाल्यांनी पाठवलाय. सोय आहे की नाही, विचारतात. काय लिहू?"

"आहे म्हणून लिहा," ओदेत म्हणाली. "पण आधी पुढच्या जूनचे आठ दिवस माझ्या नावावर करा. मग लिहा."