बाळंतिणीच्या खोलीतली भिंत

बाळंतिणीला वारा लागला की जन्माची सांधेदुखी, हे युल्यानबाईंना कोणी शिकवायला नको होतं. स्वतःच्या बाळंतपणातलं दुखणं त्या अजून भोगत होत्या. म्हणून सुनेने, शिंगयुने, महिना भरेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही आणि खोलीतली शेगडी विझू द्यायची नाही, असा त्यांचा हुकूम. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत नुसती भट्टी. सून घामाने निथळत बाजरीची गोड पेज प्यायची.

मधली भिंत घालून ही खोली मुलाने, दाचुनने, शहरात कामावर जाण्याआधी घाईघाईत काढलेली. पांढरे हलके ब्लॉक अंगणात पावसात भिजत पडले होते. तसेच ओले उचलून त्याने एका दमात तुळईला भिडवले. शेजारचे गुआनकाका, जुने गवंडी, ओरडले होते, "अरे, ते सुकू तरी दे! वरची ओळ मागाहून घाल, आधी भिंत बसू दे." पण बाळ काय भिंतीसाठी थांबतंय होय!

आता भिंत वाळत होती. आधी केसाएवढी चीर पडली. वारा शिरेल म्हणून युल्यानबाईंनी तिच्यावर कागद चिकटवला. सकाळी कागद मधोमध टरकलेला. त्यांनी दुसरा चिकटवला, शेगडीत आणखी कोळसा ओतला. तोही टरकला. भिंत उबेने आकसतेय आणि ही बाई ऊब वाढवतेय, म्हणजे आगीत तेलच की!

"आई, मला भीती वाटते हो. भिंत कडकड वाजते."

"वाजू दे. तू गप पड."

पण भ्यायल्या त्याही होत्या. चीर तिरकी चढत कपाटाकडे निघाली होती. भिंतीवर टांगलेलं ते कपाट लोणच्याच्या बरण्यांनी गच्च भरलेलं, आणि त्याच्या खाली, खिडकीपासून लांब म्हणून, खालून तापवलेल्या, झोपायच्या विटांच्या कट्ट्यावर बाळ. शेवटी त्यांनी गुआनकाकांना हाक मारली. पण बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष कसा येणार? काका पडद्याबाहेरच थांबले.

"चीर कुठवर आलीय, वहिनी?"

"कपाटाच्या मागे गेलीय."

"कपाटाच्या बोल्टला हात लावून बघा बरं."

युल्यानबाईंनी बोट लावलं. बोल्ट दुधाच्या दातासारखा हलला. पांढरी भुकटी बाळाच्या दुलईवर सांडली.

"हलतोय हो!"

"मग बघत काय बसलात? पोराला उचला आधी!"

युल्यानबाईंनी दाराकडे पाहिलं. महिना भरला नव्हता, बाहेर बर्फ पडत होतं. इकडे आड, तिकडे विहीर! त्यांनी दुलईसकट बाळ छातीशी कवटाळलं.

"मरो तो वारा!" त्या किंचाळल्या. "शिंगयु, पळ!"

त्या अंगणात पोचतात न पोचतात तोच मागे धाडकन आवाज झाला. कपाट, बरण्या, ब्लॉक, सगळं कट्ट्यावर कोसळलं होतं.

शिंगयुने हात पुढे केले. "आई, द्या ना इकडे."

युल्यानबाईंना द्यायचंच होतं, पण हात काही केल्या उघडेनात. शेवटी सुनेनेच त्यांचं एकेक बोट सोडवून बाळ घेतलं.