माझ्या चटईवर फोन बसला

मित्रांनो, मी फिजीतल्या एका नावा दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातला जुना लाकडी कटोरा आहे. यांगोनाच्या मुळांची पूड माझ्यात पाणी घालून कोळतात आणि ते पेय सगळे मिळून पितात. मला एका फोनचा हेवा वाटतो. फार वाटतो.

काबारा बेटावर एकाच ओंडक्यातून मला कोरलं, चार पाय ठेवले. इथं आल्यापासून रोज संध्याकाळी सगळे माझ्याभोवती चटईवर बसत. करवंटी फिरे, भांडणं मिटत. कामगार म्हणत, या कटोऱ्यासमोर खोटं बोलवत नाही. मी फुगून जायचो.

मग तानिएला हा तरुण मुकादम आला आणि त्यानं सगळ्यांचा फोनवर एक गट केला. माणसं चटईवरच बसत, पण माना त्या काचेत. मी कोरडा. यांगोनानं माझ्या आत चढवलेली निळसर झिलई उडू लागली, आणि ते कालचं पोर मात्र दिवसभर कुरवाळून घेई.

एकदा म्हाताऱ्या सुतारानं, अपाकुकीनं, जोडलेल्या नावेच्या सांध्यातून पाणी झिरपलं. तानिएलानं गटावर लिहिलं, ‘अपाकुकी, याला काम म्हणतात?’ सगळ्यांनी वाचलं, अपाकुकीच्या जावयानंसुद्धा. म्हाताऱ्यानं हत्यारं उचलली आणि घर गाठलं. मुकादमानं पुन्हा फोनवरच माफी धाडली. अपाकुकी आला नाही. नाव तशीच पडून, आणि इतर सुतारही जायच्या गोष्टी करू लागले. मला आनंद झाला. फोनला मनात म्हटलं, निस्तर आता, लाडक्या.

स्वयंपाक करणाऱ्या सेलाईनं मुकादमाला गाठलं.

“माफी मागितलीस म्हणे?”

“मागितली ना, मावशी. हात जोडल्याचं चित्रपण टाकलं.”

“चित्राचे हात जोडलेले. तुझे कुठं होते? खिशात?”

दुसऱ्या दिवशी त्यानं यांगोनाच्या मुळांची जुडी घेतली, मला काखेत मारलं आणि सगळ्यांना घेऊन अपाकुकीच्या ओसरीवर गेला. मान खाली घालून चटईवर बसला.

“मामा, चारचौघांत तुमचा अपमान केला. म्हणून चारचौघांना घेऊन आलोय.”

त्यानं जुडी म्हाताऱ्यापुढं ठेवली. आमच्याकडे अशी जुडी उचलली, की माफी दिली; म्हाताऱ्यानं ती उचलली नसती, तर तो कारखान्याला कायमचा गेला असता. खिशात फोन वाजला. तानिएला हलला नाही.

अपाकुकीनं जुडी उचलली. “सांधा माझाच चुकला होता. पण मी चार पावलांवर उभा होतो रे. तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

“चुकलो, मामा.”

“उद्या नाव उलटी करून ठेवा. येतो.”

सगळ्यांनी रीतीप्रमाणे पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यात पाणी पडलं.

मित्रांनो, फोन अजून आहे आणि मी अजून जळतो. वेळ कळवायला तो बरा, खुशाल वापरा. मला मात्र कोरडा ठेवू नका, माझं लाकूड तडकतं. माणसंही तशीच तडकतात. कुणाला दुखावलंत तर उठा, त्याच्या दारात जा, त्याच्यासमोर खाली बसा. असं बसायची लाज वाटत असेल, तर मुकादमी करू नका.