सागरच्या तोंडचा प्रसाद

माणिकबाईंनी सागरचं डोकं मागून आपल्या पोटाशी घट्ट धरलं आणि बोटानं त्याचा गाल बाजूला ओढला. त्यानं लगेच दात आवळले. ब्रश ओठांतच अडकला.

“आ कर रे राजा. झालंच पाय आता.”

सागर एकतीस वर्षांचा. हातापायांचा ताठरपणा जन्मापासूनचा, बोलणं दोन-चार शब्दांचं, पण जबड्यात मात्र बैलाचं बळ. ब्रश त्याला स्वतःला धरता येत नसे आणि आईनं धरलेला चालत नसे. सकाळ-संध्याकाळ हीच कुस्ती. शेवटी त्यानं तोंड उघडलं ते रडायला. तेवढ्यात माणिकबाईंनी मागच्या दाढांवरून ब्रश फिरवून घेतला. थुंकीबरोबर रक्त आलं. ते धुऊन टाकून त्या ओट्यावर बसल्या. दिवस अजून उगवायचाच होता आणि त्या दमून गेल्या होत्या.

राजापेठेतल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी सागरच्या दोन दाढा काढल्या होत्या. उरलेल्याही अशाच किडल्या तर काढाव्या लागतील, मग भाकर विसरा, असं त्यांनी बजावलं होतं. सागरला खाण्यापलीकडे शौक नव्हता. फुटाणे असे कडाकडा चावायचा, की पाहणाऱ्याला भूक लागावी. त्या दाढा वाचवायच्या म्हणून माणिकबाईंनी घरातली साखरच बंद केली. चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी काल एका दाढेवर नवा काळा ठिपका दिसलाच.

“तुम्ही नीट घासतच नसाल,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. ते बोलणं माणिकबाईंना अजून सलत होतं.

दुपारी माणिकबाईंचे यजमान किसनराव सागरला ऑटोत बसवून देवीच्या देवळाबाहेरच्या आपल्या फुलांच्या दुकानावर घेऊन जात. “तेवढाच तुले आराम,” म्हणत. त्या आरामात माणिकबाई वाडीतला झेंडू तोडत आणि शेवंतीचे हार ओवत. त्या मंगळवारी किसनराव हारांची टोपली घरीच विसरले. ती डोक्यावर घेऊन त्या स्वतःच देवळाकडे निघाल्या.

दुकानापाशी रांग होती. आधी त्यांना बरं वाटलं, गिऱ्हाईक दिसतंय. पण रांग हारांसाठी नव्हती. ती सागरच्या व्हीलचेअरपुढे थांबत होती. दर्शन घेऊन आलेल्या बाया त्याच्या कपाळाला कुंकू लावत आणि तोंडात पेढा घालत. सागर तोंड हे एवढं उघडत होता. न रडता, न ओढता. अगदी शेवटची दाढ दिसेपर्यंत.

“देवीचं लेकरू हाये,” रांगेतल्या एका बाईनं माणिकबाईंना समजावलं. “याच्या तोंडात घातलं का थेट तिले पोचते.”

म्हणजे पेढे यांचे आणि बोलणी आपल्याला; चोर सोडून संन्याशाला फाशी! माणिकबाईंनी टोपली दाणकन नवऱ्यापुढे ठेवली.

“हे कधीपासून चालू हाये?”

किसनरावांनी हातातली सुई थांबवली नाही. “लय दिसांपासून.”

“अन मले सांगतलं काहून नाही?”

“काय सांगू? प्रसादाले नाही म्हनू?” मग ते हळू आवाजात म्हणाले, “लोकं हात जोडतात वं त्याले. दुसरीकडं कोन पायते त्याच्याकडं?”

प्रसादाला माणिकबाईंनीही जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. तेवढ्यात रांगेतल्या त्याच बाईनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. “घाला न, तुमीबी घाला.”

किती दिवसांत त्यांच्या हातून लेकराला गोड मिळालं नव्हतं. एकानं काय होतंय, असं त्यांच्या मनात आलं. त्या रांगेत शिरल्या आणि पेढा सागरच्या ओठांशी नेला.

सागरनं तो हात ओळखला. दात करकचून आवळले आणि मान फिरवली.

“अव बाप्पा, तुमच्या हातचं नाही खात थो!” बाई हसली.

माणिकबाईंना रडू आलं. ते त्यांनी पदरानं पुसलं आणि रांगेकडे तोंड करून त्या सागरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“माय हाव मी त्याची,” त्या म्हणाल्या. “त्याच्या दाढा किडून राह्यल्या. आजपासून प्रसाद माह्या तोंडात घाला.”

एका म्हातारीनं अगदी मनापासून विचारलं, “पन देवीले पोचन का?”

“मायच्या पोटात गेलं म्हंजे लेकराले पोचलं. देवीले ठावूक हाये.”

म्हातारीनं पेढा मोडला आणि अर्धा माणिकबाईंच्या तोंडाजवळ आणला. भर रस्त्यात, चारचौघांत आ करताना त्यांना लाज वाटली. पेढा ताजा होता. आपल्या तोंडात कुणी घास घातल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. मागून सागर हुंकार देत पेढा मागत होता, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

किसनरावांनी सुई खाली ठेवली. ते उठले आणि स्वतःचं स्टूल त्यांनी माणिकबाईंच्या मागे सरकवलं.

“बस,” ते म्हणाले. “मंगयवार हाये. लाइन लंबी हाये.”

माणिकबाई बसल्या आणि पुढच्या बाईसाठी त्यांनी तोंड उघडलं.