वरच्याची भिंत, खालच्याचे दगड

डोंगरातल्या आमच्या इगिर गावात शेवटी दोनच घरांतून धूर निघायचा. एक माझं, एक बीहीचं. बाकीच्या घरांची छपरं खाली बसली, माजघरात अंजिरं उगवली, आणि जिथे लग्नाचे मांडव पडायचे तिथे सरडे ऊन खात बसतात. उतारावरची आमची पायऱ्यापायऱ्यांची शेतं, जवाची आणि बदामाची, त्यांच्या भिंती जागोजागी ढासळल्यात. माणसं कासाब्लांकाला गेली आणि किराणा दुकानं टाकून बसली. आधी जाणारे निदान नीट गेले. पडक्या भिंती सांधल्या, दाराला कुलूप घातलं, घरोघरी निरोप घेऊन निघाले. नंतरचे तर अर्धी भाकरी ताटात टाकून पळाल्यासारखे गेले. मला त्यांचा फार राग येतो. संध्याकाळी अंधार पडायला लागला की त्याच लोकांच्या आठवणीने रडूही येतं, ते वेगळं.

मी तुदा. नवरा गेला, मुलगी दूर दिली. वरच्या अंगाला बीहीचं घर. गावात उरलो दोघं आणि तेही बोलत नव्हतो.

कारण साधं होतं. त्याचं शेत वर, माझं खाली, मध्ये दगडी भिंत. त्याची बायको यमना गेली त्या हिवाळ्यात मोठा पाऊस झाला आणि भिंत माझ्या शेतात कोसळली. आमच्याकडची रीत अशी, की भिंत वरच्याची, कारण ती त्याची माती धरून ठेवते. पण दगड ज्याच्या शेतात पडले त्याचे. म्हणजे बांधायची त्याने आणि दगड द्यायचे मी. त्यासाठी त्याने येऊन मागायला हवे होते. तो म्हणे, तुझ्या शेतात अडगळ पडलीय, तू उचलून दे. मी म्हटलं, गरज कुणाला आहे? माती तुझी वाहून चाललीय. माझंच बरोबर होतं. आजही मी तेच म्हणेन.

तेव्हापासून अबोला. पण गप्प बसणं आम्हा दोघांनाही जमणारं नव्हतं. तो सकाळी गाढवावर पाण्याचे डबे लादायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "चल रे बाबा. जपून पाय टाक. इथे काही लोकांच्या शेतात दगड पिकतात."

मी शेळीचं दूध काढता काढता म्हणायची, "ऐकलंस ना गं? आपली माती फुकट दुसऱ्याच्या घरी घालायची आणि वर तोंड चालवायचं. असं तू कधी करू नकोस."

"गाढवा, तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडणारंही आहे बरं का गावात."

एवढं झालं की दोघंही कामाला लागायचो. एखाद्या सकाळी त्याचा आवाज नाही आला तर मी वरच्या घराकडे कान लावून बसायची. मग काहीतरी निमित्त काढून मी शेळीवर खेकसायची. वरून खोकला ऐकू आला की जीव भांड्यात पडायचा.

दर ईदला त्याचा मुलगा इद्दर कासाब्लांकाहून यायचा, बापाला घेऊन जायला. दरवर्षी एकटाच परत जायचा. मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे, जातो कुठला. मी निश्चिंत होते.

यंदा हिवाळ्यात बीहीचा खोकला छातीत उतरला. मी लसूण घालून जवाची पेज करायची आणि भांडं त्याच्या उंबऱ्यावर ठेवून यायची. भांडं घासून परत माझ्या उंबऱ्यावर यायचं. शब्द एक नाही. मग एका गुरुवारी हम्मू आला. हा दर बाजाराच्या दिवशी गाडीतून पीठ, साखर आणि गॅस वर आणून देतो. पोतं उतरवताना म्हणाला, "मावशी, इद्दरचा फोन होता. पुढच्या गुरुवारी येतोय. या वेळी बापाला घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणतो."

"जाऊ दे की. माझं काय जातंय?" मी म्हटलं.

हम्मू गेल्यावर मी चुलीपुढे बसले आणि चहा उकळून उकळून काळा झाला. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पडक्या घरांना मी भीत नाही. पण सकाळी उठायचं आणि आपल्याला नावं ठेवणारंही कुणी नाही, याची भीती वाटली. मी ठरवलं, भिंतीचं भांडण मिटवायचं. भिंत उभी राहिली की वरचं शेत नांगरता येईल. नांगरलं की पेरावं लागेल, आणि पेरलेलं टाकून आमच्यातला माणूस जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून मी शेतात उतरले आणि पडलेले दगड एकेक करून भिंतीच्या पायाशी नेऊन रचायला लागले. न मागता दगड द्यायचे म्हणजे हार मानायची. मानली.

बीही वर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता गाढवाला बोलावून चांगला तासभर तोंडसुख घेणार. पण गाढव नव्हतंच बरोबर. तो खाली बघत म्हणाला, "तुदे, राहू दे ते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच भांडायला लागले.

"का राहू दे? दगड माझे आहेत, मी कुठेही ठेवीन."

"आता कशाला? इतकी वर्षं पडलीय, पडू दे."

"असं सांग की हातात जोर राहिला नाही. बांधता येत नाही आता. यमना असती तर हसली असती तुला."

यमनाचं नाव मी मुद्दाम घेतलं. तो घरात जाऊन हातोडा घेऊन आला आणि खाली उतरला.

आम्ही बांधायला घेतली. अशी भिंत एकट्याने होत नाही. एकाने दर्शनी दगड बसवायचे, दुसऱ्याने मागून कपच्यांची भरण घालायची. तो बसवायचा, मी भरायची. त्याला मध्येच खोकल्याची उबळ यायची, मग आम्ही बदामाखाली बसायचो. मी भाकरी आणि बदामाचं वाटण न्यायची. तो खायचा आणि म्हणायचा, "मीठ जास्त झालंय."

"मग खाऊ नकोस."

"खातोय की."

काम हळू चाललं होतं. मला वाटायचं तो मुद्दाम हळू करतोय. एकच दगड दहादा फिरवून बघायचा, परत खाली ठेवायचा. मी त्याला घाई करायची. गुरुवारच्या आत झाली पाहिजे, असा माझा हट्ट. बुधवारी दुपारी शेवटचा दगड बसला. भिंत इतकी देखणी झाली की मी तिच्यावरून हात फिरवत बसले. बीही मात्र तिच्याकडे न बघताच घरी गेला. दमला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

गुरुवारी इद्दर आला. आधी शेतात गेला आणि तिथून धावत माझ्याकडे आला. माझे दोन्ही हात धरून त्यांना डोकं टेकवलं.

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? दरवर्षी बाबा एकच सांगायचे. भिंत पडकी आहे, पडकी भिंत मागे टाकून दाराला कुलूप लावायचं नसतं. ती उभी राहिली की त्या दिवशी येतो. शब्द दिलाय त्यांनी मला."

ती रीत मला माहीत होती. आमच्या आजोबांच्या वेळची. पण आजूबाजूला बघा, अख्खा डोंगर पडक्या भिंती टाकून गेलाय. ती रीत अजून पाळणारा कुणी उरला असेल, आणि तो माझ्याच डोक्यावर राहत असेल, असं मला कुठून वाटणार?

बीहीचं सामान एका गाठोड्यात मावलं. गाढवाची दोरी त्याने माझ्या हातात दिली.

"याला बोलत जाऊ नकोस फार. त्याची काही चूक नाही."

"मला सांगायचंस ना," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, इद्दरसमोर. फाटू दे.

"सांगितलं होतं की. राहू दे म्हणालो होतो."

"असं सांगतात? नीट सांगायचं. म्हणायचं, तुदे, ही भिंत..."

"तू ऐकणारी आहेस का?" तो म्हणाला, आणि गाडीत बसला. वळणापर्यंत मी गाडीकडे बघत राहिले. तो मान वळवून भिंतीकडे बघत होता की माझ्याकडे, ते दुरून कळलं नाही.

त्या रात्री वरच्या घरातून धूर निघाला नाही. सकाळी मी पहार घेऊन शेतात गेले. वरचा एक दगड निघाला असता तरी मला पुरला असता; पडकी भिंत मागे टाकून तो तिकडे राहिला नसता. पहार घातली, अंगाचा सगळा भार टाकला, ढकलून पाहिलं, शिव्या दिल्या. कपची हलली नाही. इतक्या प्रेमाने कुणी भिंत बांधतं का, मेल्या? मी तिथेच मातीत बसून मनसोक्त रडले.

पुढच्या गुरुवारी हम्मू पीठ घेऊन आला. मी त्याच्यासाठी चहा ओतला आणि म्हटलं, "बीहीला फोन लाव. सांग, भिंत पडली."

हम्मूने मान वर करून बघितलं. भिंत उन्हात सरळ उभी होती.

"मावशी, अहो ती तर..."

"तुला बघायला सांगितलं का? निरोप सांगायला सांगितलाय."

"पण बीहीकाकांनी स्वतः बांधलीय. त्यांचा विश्वास बसेल का?"

"नाही बसणार," मी म्हटलं. "त्याला माहीत आहे, ती शंभर वर्षं पडत नाही. तू सांग तरी. मी खोटं बोलते म्हणून भांडायला तरी येईल."